पूर्णविरामाचा शोध आणि हेब्बाळच्या प्रयोगशाळा

ओबैद सिद्दिकी (१९३२–२०१३) हे भारतात रेणवीय जीवशास्त्र रुजवणाऱ्या पहिल्या पिढीतले अग्रणी. प्रथिनाची साखळी कुठे थांबवायची याची खूण जनुकातच लिहिलेली असते, हे ज्या प्रयोगांतून उलगडत गेले त्यांतल्या अगदी सुरुवातीच्या एका प्रयोगावर त्यांचे नाव आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे तीन दशकांनी त्याच विभागातून बेंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीबीएस, उभे राहिले. हेब्बाळचा तलाव मागे टाकून बल्लारी रस्त्याने उत्तरेकडे निघाले की कृषी विद्यापीठाच्या जीकेव्हीके आवारात हे केंद्र लागते.

सिद्दिकींचा जन्म ७ जानेवारी १९३२ रोजी उत्तर प्रदेशातील बस्ती येथे झाला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांनी वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेतले आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत काही काळ गव्हावर काम केले. पण पिकाच्या एका पिढीसाठी एक हंगाम घालवावा लागतो, आणि जनुकाच्या अंतरंगात शिरायचे तर हजारो-लाखो संतती तपासाव्या लागतात. तशी सोय बुरशीत आणि जिवाणूंत होती. ग्लासगो विद्यापीठात ग्विदो पाँतेकोर्व्हो यांच्या हाताखाली सिद्दिकींनी ॲस्परजिलस या बुरशीच्या एकाच जनुकाचा बारकाईने नकाशा काढला आणि १९६१ साली पीएच.डी. मिळवली. जनुक हा न तुटणारा मणी आहे ही जुनी समजूत तोवर मोडीत निघाली होती. जनुकाच्या आत अनेक जागा असतात, त्या एका ओळीत असतात आणि त्यांच्यामधली अंतरे मोजता येतात, हे पाँतेकोर्व्हो आणि अमेरिकेतील सीमोर बेंझर यांच्या कामाने दाखवून दिले होते. ही मोजणी सिद्दिकींच्या हातात बसली होती.

१९६१ हे वर्ष या शास्त्रासाठी विलक्षण ठरले. डीएनएमधला मजकूर रायबोसोमपर्यंत नेणारा संदेशवाहक आरएनए त्याच वर्षी हाती लागला. मार्शल नीरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी यू हेच एक अक्षर पुन्हा पुन्हा असलेला कृत्रिम आरएनए जिवाणूंच्या अर्कात टाकला आणि त्यातून फेनिलॲलनिन या एकाच अमिनो आम्लाची साखळी तयार झाली. वर्षअखेरीस फ्रान्सिस क्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संकेत तीन-तीन अक्षरांचा आहे याचा जनुकशास्त्रीय पुरावा मांडला. चार अक्षरांतून तीन-तीन निवडली की चौसष्ट संकेत होतात, अमिनो आम्ले मात्र वीसच. उरलेल्या संकेतांचे काय, त्यांतले काही निरर्थक तर नाहीत, आणि निरर्थक संकेत मध्येच आला तर प्रथिनाचे काय होते, हे प्रश्न तेव्हा उघडे होते.

पीएच.डी. नंतर सिद्दिकी फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲलन गॅरेन यांच्याकडे गेले. गॅरेन यांची प्रयोगशाळा ई. कोलाय या जिवाणूतील अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमवर काम करत होती. प्रयोगासाठी हे एन्झाइम फार सोयीचे आहे. जिवाणूला फॉस्फेट कमी पडू लागले की पेशी हे एन्झाइम भरपूर बनवते, आणि त्याची चाचणी डोळ्यांनी पाहता येते. पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेटच्या रंगहीन द्रावणात एन्झाइम पडले की फॉस्फेट तुटून वेगळे होते आणि द्रावण पिवळे पडते. पिवळेपणा किती लवकर आणि किती गडद चढतो यावरून एन्झाइमचे प्रमाण मोजता येते. एन्झाइम बिघडले असेल तर द्रावण पाण्यासारखेच राहते.

मात्र द्रावण पिवळे न होण्याची कारणे दोन असू शकतात. पेशीने प्रथिन पूर्ण बनवले पण ते निकामी आहे, किंवा पेशीने ते बनवलेच नाही. हा फरक ओळखण्यासाठी प्रतिपिंडांचा उपयोग करत. शुद्ध एन्झाइमविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड निकामी प्रथिनालाही ओळखून चिकटतात. प्रतिपिंडांना चिकटण्याजोगे काहीच सापडले नाही, तर पेशीत ते प्रथिन ओळखू येईल अशा रूपात नाही असा अर्थ होतो. एकाच जनुकात उत्परिवर्तन झालेले जिवाणू अशा रीतीने दोन गटांत पडत: बिघडलेले प्रथिन बनवणारे आणि प्रथिनाचा मागमूसही नसलेले.

गॅरेन आणि सिद्दिकी यांनी दुसऱ्या गटातील काही उत्परिवर्तने एका वेगळ्या वाणाच्या जिवाणूंत नेली, तेव्हा तिथे द्रावण पुन्हा पिवळे होऊ लागले. एन्झाइमचे प्रमाण मूळच्या मानाने कमी होते, पण ते काम करत होते. बिघडलेल्या जनुकात दुरुस्ती झालेली नव्हती. त्या वाणात गुणसूत्रावर दुसऱ्याच ठिकाणी एक वेगळे जनुक होते आणि त्याच्यामुळे हा परिणाम घडत होता. अशा जनुकाला सप्रेसर म्हणतात. या प्रयोगाचे खरे महत्त्व पुढच्या निरीक्षणात आहे. एकच सप्रेसर जनुकाच्या वेगवेगळ्या जागी झालेली उत्परिवर्तने सुधारत होता, पण त्याच जनुकातली इतर कित्येक उत्परिवर्तने त्याला दाद देत नव्हती. म्हणजे सप्रेसर जागा पाहत नव्हता. त्या निरनिराळ्या जागी आलेली एकच विशिष्ट खूण तो ओळखत होता. प्रथिनात अर्थ नसलेला एक संकेत जनुकात मध्येच आला की साखळी पुरी होत नाही, आणि सप्रेसर असलेल्या पेशीत वाचनाची यंत्रणाच अशी बदललेली असते की त्या निरर्थक संकेतालाही कधीमधी अर्थ मिळतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

बेंझर आणि सीवेल चॅम्प हे जिवाणुभक्षक विषाणूवर प्रयोग करून याच सुमारास याच निष्कर्षाला पोहोचले होते. १९६२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’ या नियतकालिकात दोन्ही निबंध लागोपाठ छापले गेले. बेंझर-चॅम्प यांचा निबंध ज्या पानावर संपतो, त्याच पानावर गॅरेन-सिद्दिकी यांचा सुरू होतो. दोन निराळे जीव, दोन निराळी जनुके आणि निष्कर्ष एक. या शेजारामुळे दोन्ही निबंधांचे वजन वाढले. बेंझर आणि सिद्दिकी यांच्या ओळखीतून पुढे जे घडले, ते मुंबईच्या प्रयोगशाळेच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले.

निरर्थक समजला गेलेला हा संकेत वास्तविक पूर्णविरामाचे काम करतो, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत स्पष्ट झाले. १९६४ साली केंब्रिजमध्ये अहमदाबादच्या सुप्रसिद्ध साराभाई घराण्यातले आनंद साराभाई, तसेच स्ट्रेटन, ब्रेनर आणि बोल यांनी दाखवले की असा संकेत जनुकात जितका पुढे येईल तितका प्रथिनाचा तुकडा लांब तयार होतो. साखळी त्या संकेतापाशी तुटते, आणि जनुकातला क्रम व प्रथिनातला क्रम एकास एक जुळतो. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात या निबंधाची आठवण फारशी काढली जात नाही, ती काढली जायला हवी.

त्या खुणेची अक्षरे कोणती, हे १९६५ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे ठरले: केंब्रिजला ब्रेनर यांच्या गटात, आणि गॅरेन यांच्याकडे मार्टिन वायगर्ट यांच्या हातून. गॅरेन-वायगर्ट यांची युक्ती सिद्दिकींनी हाताळलेल्या याच एन्झाइमवर उभी होती. त्या काळी आरएनएची अक्षरे थेट वाचण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी उलटा मार्ग धरला. एन्झाइममध्ये जिथे मुळात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल होते, तिथे पूर्णविराम आलेला जिवाणू त्यांनी घेतला. मग अचानक होणाऱ्या नव्या बदलांनी पुन्हा कामाचे एन्झाइम बनवू लागलेली त्याची संतती वेचली, आणि त्या जागी आता कोणते अमिनो आम्ल बसले आहे ते रासायनिक पृथक्करणाने तपासले. सात निराळी अमिनो आम्ले मिळाली: ट्रिप्टोफॅन, सेरिन, टायरोसिन, ल्युसिन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिन आणि लायसिन. एकच अक्षर बदलून या सातही अमिनो आम्लांच्या संकेतांपर्यंत पोहोचता येईल असा मूळ संकेत एकच संभवतो, तो म्हणजे यूएजी. त्याच वर्षी यूएए हा दुसरा आणि १९६७ साली यूजीए हा तिसरा पूर्णविराम निश्चित झाला. निव्वळ तर्क, पिवळ्या रंगाची चाचणी आणि प्रथिनाचे पृथक्करण यांच्या बळावर तीन अक्षरे वाचली गेली. जनुकशास्त्रात इतकी देखणी अनुमाने फार थोडी सापडतील.

सप्रेसरचे कोडे १९६८ साली पुरते सुटले. रायबोसोमवर अमिनो आम्ले आणून देणारे छोटे वाहक आरएनए असतात. प्रत्येकावर संदेशातील तीन अक्षरांशी जुळणारी तीन अक्षरे असतात. टायरोसिन वाहणाऱ्या एका वाहक आरएनएमध्ये यांतले एक अक्षर बदलले की तो यूएजीशी जुळू लागतो आणि पूर्णविरामाच्या जागी टायरोसिन बसवून साखळी पुढे नेतो, हे केंब्रिजच्या गटाने सिद्ध केले. त्या निबंधाच्या लेखकांत जॉन ॲबेल्सन यांचे नाव आहे. पूर्णविराम आला की साखळी सोडवून घेणारी प्रथिनेही याच काळात हाती लागली. माणसाच्या अनेक आनुवंशिक आजारांत, थॅलेसेमियाच्या काही प्रकारांतही, दोष नेमका हाच असतो: जनुकाच्या मध्येच नको तिथे आलेला पूर्णविराम.

सिद्दिकी मात्र १९६२ सालीच फिलाडेल्फिया सोडून मुंबईला आले होते. त्यामागे लिओ झिलार्ड यांची शिफारस होती. अणूतील साखळी प्रक्रियेची कल्पना मांडणारे हे भौतिकशास्त्रज्ञ महायुद्धानंतर जीवशास्त्राकडे वळले होते. होमी भाभा यांनी सिद्दिकींना टाटा संस्थेत नवा विभाग उभारण्याचे निमंत्रण दिले. आधी माणूस निवडायचा आणि मग त्याच्याभोवती विभाग वाढू द्यायचा, ही भाभांची रीत होती. गणित आणि भौतिकशास्त्राच्या संस्थेत जीवशास्त्राला जागा देणे त्या काळी धाडसाचेच होते. कुलाब्यात समुद्राकाठच्या नव्या इमारतीचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते त्याच वर्षी जानेवारीत झाले होते.

मुंबईत सिद्दिकींनी जिवाणूंच्या संयोगाचा अभ्यास हाती घेतला. एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे गेलेला डीएनए तिथल्या गुणसूत्रात प्रत्यक्ष सामावला जातो का, आणि कसा, हा प्रश्न होता. १९६३ सालच्या निबंधात त्यांनी दात्याचा डीएनए संततीत उतरतो याचा पुरावा दिला, आणि पुढे मॉरिस फॉक्स यांच्यासह हे काम तडीस नेले. विभागही हळूहळू भरत गेला. पी. के. मैत्रा आणि झिता लोबो यांनी यीस्टमध्ये साखर कशी मोडली जाते त्याचे जनुकशास्त्र उलगडले. सैद्धांतिक भौतिकशास्त्रातून आलेले पी. बाबू केंब्रिजला ब्रेनर यांच्याकडे सूत्रकृमीचा अभ्यास शिकून परतले. १९७०च्या दशकापासून महाबळेश्वरला भरणारी आधुनिक जीवशास्त्राची चर्चासत्रेही याच मंडळींची. सह्याद्रीच्या माथ्यावर जगभरचे संशोधक आणि देशातले विद्यार्थी एका छताखाली राहत, जेवत आणि वाद घालत. परदेशी न जाता आघाडीच्या विज्ञानाशी तोंडओळख व्हावी हा त्यामागचा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी साधला.

जनुकाचा संकेत उलगडला तेव्हा बेंझर यांनी विषाणू सोडून फळमाशीचे वर्तन अभ्यासायला घेतले. सिद्दिकीही त्यांच्याबरोबर कॅलिफोर्नियात काम करून आले. तापमान वाढवताच लुळ्या पडणाऱ्या आणि थंडावा मिळताच पुन्हा चालू लागणाऱ्या माश्यांवरचा त्या दोघांचा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ‘कोमाटोज’ नावाच्या जनुकात लिहिलेले प्रथिन मज्जापेशींच्या टोकाशी रासायनिक संदेश सोडण्याच्या कामात लागते, हे १९९०च्या दशकात कळले. पद्धत तीच जुनी होती: एक जनुक मोडायचे, काय बिघडते ते पाहायचे आणि तिथून मागे जात यंत्रणा शोधायची.

या पद्धतीचे मुंबईतले सर्वांत मोठे फळ वेरोनिका रॉड्रिग्ज यांच्या हातून मिळाले. केनियात स्थायिक झालेल्या गोव्याच्या कुटुंबात १९५३ साली त्यांचा जन्म झाला आणि शिक्षण कंपाला व डब्लिन येथे झाले. सिद्दिकींचे काम वाचून त्यांनी टाटा संस्थेला पत्र लिहिले आणि त्या मुंबईला आल्या. इंग्रजी वाय अक्षरासारख्या दुफाट्या नळीत माश्या सोडायच्या, एका फाट्यात वास ठेवायचा, आणि त्या वासाला न जुमानणाऱ्या माश्या बाजूला काढायच्या. चवीसाठीही अशाच कसोट्या लावल्या. वास व चव यांतले जनुकीय दोष दाखवणारे सिद्दिकींबरोबरचे त्यांचे काम १९७८पासून प्रसिद्ध होऊ लागले. वास ओळखणारी ग्राहक प्रथिने सस्तन प्राण्यांत १९९१ साली आणि माशीत १९९९ साली सापडली. मुंबईचे काम किती आधीचे होते ते यावरून लक्षात येते. रॉड्रिग्ज पुढे एनसीबीएसमध्ये प्राध्यापक झाल्या. १० नोव्हेंबर २०१० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

टाटा संस्थेच्या एका विभागाला जितके वाढता येते तितके वाढून झाल्यावर जीवशास्त्रासाठी स्वतंत्र केंद्र असावे, असा विचार १९८०च्या दशकात पुढे आला. जागा म्हणून बेंगळुरूची निवड झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा जन्मही १९४५ साली बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेत झाला होता आणि त्याच वर्षअखेरीस ती मुंबईला गेली होती. एनसीबीएसचे काम १९९०च्या दशकाच्या आरंभी त्याच विज्ञान संस्थेच्या आवारात सुरू झाले. सिद्दिकी पहिले संचालक झाले. १९९६ साली के. विजयराघवन यांनी त्यांच्याकडून सूत्रे घेतली, आणि दशक संपण्यापूर्वी केंद्र जीकेव्हीकेच्या आवारात गेले.

हेब्बाळच्या या परिसराला शेतीसंशोधनाचा जुना वारसा आहे. १८९९ साली म्हैसूरच्या रीजंट महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी दिलेल्या ३० एकर जमिनीवर डॉ. लेहमन यांच्या देखरेखीखाली हेब्बाळला प्रायोगिक शेतीकेंद्र सुरू झाले. पुढे तिथे कृषी महाविद्यालय आणि १९६४ साली कृषी विद्यापीठ आले. या विद्यापीठाच्या विस्तारित आवारात, नाचणी-तुरीच्या वाफ्यांच्या शेजारी, गव्हापासून सुरुवात केलेल्या सिद्दिकींचे केंद्र येऊन वसावे, हा चांगला योग होता.

प्रथिननिर्मितीचा धागा बेंगळुरूत एकाहून अधिक ठिकाणी पुढे विणला गेला. भारतीय विज्ञान संस्थेतील उमेश वार्ष्णेय यांनी अमेरिकेत एमआयटी येथे उत्तम राजभंडारी यांच्याबरोबर १९९० साली एक विलक्षण प्रयोग केला. प्रथिनाची सुरुवात करून देणाऱ्या खास वाहक आरएनएची तीन अक्षरे त्यांनी अशी बदलली की तो यूएजीशी जुळेल. मग एका जनुकाच्या आरंभी नेहमीच्या संकेताऐवजी यूएजी ठेवला, आणि रायबोसोमने त्या पूर्णविरामापासूनच प्रथिन बनवायला सुरुवात केली. म्हणजे एखादा संकेत आरंभ आहे की अंत, हे केवळ त्याच्या अक्षरांवर ठरत नाही. तो वाचणारा वाहक कोणता आणि संदेशात तो कोठे येतो, यावरही ते अवलंबून असते. बेंगळुरूला आल्यावर वार्ष्णेय यांनी आरंभ करणाऱ्या या वाहक आरएनएच्या देठातील लागोपाठच्या तीन जी-सी जोड्यांवर वर्षानुवर्षे काम केले. रायबोसोमच्या योग्य खाचेत थेट बसण्याचा अधिकार या वाहकाला त्या जोड्यांमुळे मिळतो. त्याच संस्थेतील उषा विजयराघवन यांनी कॅलिफोर्नियात जॉन ॲबेल्सन यांच्याबरोबर यीस्टमधील असे उत्परिवर्तित वाण शोधले होते की ज्यांत आरएनएमधले निरुपयोगी तुकडे कापून टाकण्याचे काम अडते. सप्रेसर वाहक आरएनएच्या निबंधातलेच हे ॲबेल्सन.

एनसीबीएसमध्ये जयंत उदगावकर यांनी साखळी तयार झाल्यानंतरच्या टप्प्याला हात घातला. रायबोसोममधून बाहेर पडलेली साखळी ठरावीक आकारात घडी घातल्याशिवाय काम करू शकत नाही. उदगावकरांनी ‘बारस्टार’ या छोट्या प्रथिनाची घडी कशी पडते, वाटेत कोणकोणत्या अवस्था येतात आणि त्या किती वेगाने बदलतात, याची मोजणी दोन दशकांहून अधिक काळ केली. एका जिवाणूमध्ये आरएनए तोडणारे ‘बारनेज’ नावाचे एन्झाइम असते. ते पेशीच्या आतच सुटले तर पेशीचा घात होईल, म्हणून बारस्टार त्याला कवटाळून गप्प ठेवतो. पुढे उदगावकर पुण्याच्या आयसर संस्थेचे संचालक झाले.

आरएनएचे काम आता भातापर्यंत पोहोचले आहे. एनसीबीएसमधील पी. व्ही. शिवप्रसाद यांच्या गटाने जनुकांना आवर घालणाऱ्या सूक्ष्म आरएनएंचा अभ्यास करून २०१८ साली असे दाखवले की रानटी भातापासून इंडिका भात घडताना झालेल्या कित्येक बदलांमागे सूक्ष्म आरएनएचा लॅकेज गटातल्या जनुकांवरचा लगाम सुटणे हे कारण आहे. लॅकेज ही एन्झाइमे लिग्निन बनण्याच्या प्रक्रियेत भाग घेतात, आणि रोपाचा ताठरपणा लिग्निनवर अवलंबून असतो.

संचालकपद सोडल्यावरही सिद्दिकींनी एनसीबीएसमधली आपली छोटी प्रयोगशाळा चालू ठेवली. माशी वास कशी लक्षात ठेवते, हा त्यांचा अखेरच्या वर्षांतला विषय होता. १९८४ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि पद्मभूषण, २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे परदेशी सदस्यत्व आणि २००६ साली पद्मविभूषण, असे सन्मान त्यांना मिळाले. जुलै २०१३ मध्ये बेंगळुरूत रस्त्यावरच्या अपघातात त्यांच्या डोक्याला इजा झाली आणि २६ तारखेला, वयाच्या ८१व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एनसीबीएसने २०१९ साली आपल्या आवारात समकालीन भारतीय विज्ञानाचे दप्तरखाने उघडले असून त्यांत सिद्दिकींचा पत्रव्यवहार, टिपणे आणि कागदपत्रे अभ्यासकांसाठी जतन केली आहेत. विज्ञानाच्या इतिहासासाठी त्यांच्या नावाचे अध्यासनही तिथे आहे.